'हेवा' आणि 'प्रीती' : पौलाच्या एका नकाराचा अर्थ

प्रस्तुत लेखाचा विषय तसा लहान आहे. नव्या करारातील 'करिंथकरांस पहिले पत्र' या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने प्रीतीचे जे वर्णन केले आहे, त्यातील केवळ एका क्रियापदाचा येथे विचार करावयाचा आहे. प्रीती काय करते हे दोन शब्दांत सांगितल्यावर ती काय करीत नाही हे पौल आठ नकारांनी सांगतो. त्यांतील पहिला नकार हेव्याचा आहे. तो पहिला का, आणि त्याचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न.

या प्रश्नाकडे मी वळलो तो एका विद्यार्थिनीमुळे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पदव्युत्तर वर्गात शिकवीत असताना ख्रिस्ती प्रीतीची कल्पना विशद करणे अपरिहार्य झाले आणि मी या अध्यायाचा आधार घेतला. तास संपता संपता तिने विचारले : मराठी बायबलातील दशाज्ञांत देव स्वतःला 'ईर्ष्यावान' म्हणवितो, योहानाच्या पहिल्या पत्रात देव आणि प्रीती यांची एकरूपता सांगितली आहे, आणि पौलाच्या मते प्रीतीला हेवा ठाऊक नाही. तर मग ही तीन विधाने एकत्र नांदणार कशी? त्या दिवशी मी दिलेले उत्तर वरवरचे होते, हे देतानाच मला जाणवले होते.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. पौलाने येथे वापरलेले ग्रीक क्रियापद 'झेलोस' या नामाशी संबद्ध आहे. 'झेलोस' म्हणजे तीव्र भावावेग. कशाची तरी धग लागल्यासारखी ओढ. हा शब्द मुळात दोषवाचक नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात 'फ्थोनोस' आणि 'झेलोस' अशा दोन भावनांची लागोपाठच्या प्रकरणांत चिकित्सा केली आहे. दोन्हींत दुःख आहे. परंतु 'फ्थोनोस'मध्ये चांगली वस्तू दुसऱ्याकडे आहे याचे दुःख असते, तर 'झेलोस'मध्ये ती आपल्याकडे नाही याचे. पहिली भावना क्षुद्रांची. दुसरी सज्जनांना शोभणारी, कारण ती मनुष्याला त्या वस्तूसाठी पात्र होण्यास प्रवृत्त करते. ॲरिस्टॉटलने सज्जनांना शोभणारी म्हणून सांगितलेल्या या भावनेचाच शब्द घेऊन पौलाने प्रीतीच्या संदर्भात नकार उच्चारला आहे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आणि गुंतागुंत येथेच संपत नाही. याच पत्राच्या बाराव्या अध्यायाच्या शेवटी, म्हणजे प्रीतीचे वर्णन सुरू होण्याच्या उंबरठ्यावर, पौल वाचकांना श्रेष्ठ कृपादानांविषयी हीच वृत्ती बाळगण्यास सांगतो. क्रियापद तेच. प्रीतीचा अध्याय संपताच, चौदाव्याच्या पहिल्याच वाक्यात, पुन्हा तेच क्रियापद, पुन्हा आज्ञार्थी. म्हणजे ज्या कृतीचा प्रीतीच्या ठायी निषेध केला आहे, तिचाच उपदेश अलीकडे आणि पलीकडे आहे. दुसऱ्या पत्रात तर करिंथकरांविषयी आपल्याला दैवी 'झेलोस' वाटतो, असे तो स्वतःसंबंधीच सांगतो.

मराठी वाचकाला हा पेच दिसत नाही, कारण भाषांतरकारांनी तो सोडवून ठेवलेला आहे. प्रचलित मराठी बायबलात तेराव्या अध्यायात 'हेवा' आहे, बाराव्या व चौदाव्यात 'उत्कंठा' आहे, दुसऱ्या पत्रातील त्या ठिकाणी 'आस्था' आहे, आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू मंदिराची शुद्धी करतो त्या प्रसंगी हाच मूळ शब्द 'आवेश' झाला आहे. उलटपक्षी फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात मूळ शब्द 'फ्थोनोस' असूनही मराठीत तेथे 'हेवा'च आहे. एका ग्रीक शब्दाचे चार मराठी शब्द व्हावेत आणि दोन ग्रीक शब्दांचा एक मराठी शब्द व्हावा, यात भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक ठिकाणी अर्थ बरोबरच लागतो. मात्र मूळ वाचकाच्या कानावर तो एकच ध्वनी पुन्हा पुन्हा आदळत होता, आणि पौलाच्या युक्तिवादाचा एक धागा त्या पुनरावृत्तीतच होता. तो मराठीत हरवतो.

गंमत अशी, की ज्या शब्दाची भाषांतरकारांनी निवड केली त्या 'हेवा' शब्दाच्या पोटात हीच द्व्यर्थता दडलेली आहे. संस्कृतात 'हेवाक' म्हणजे उत्कट इच्छा. आपल्या जुन्या मराठी वाङ्मयातही 'हेवा' हा शब्द इच्छा, ओढ या अर्थाने येतो. आजच्या बोलीत तो दोषवाचक झाला खरा, तथापि पूर्णपणे नाही. 'हेवा वाटावा असे यश' ही स्तुती असते. जिवलग मित्राला 'तुझा हेवा वाटतो रे' असे आपण हसून म्हणतो. 'तुझा मत्सर वाटतो' असे कोणी म्हणत नाही. (वैदिक भाषेत 'मत्सर' हे सोमाचे विशेषण होते आणि त्याचा अर्थ आनंदाने धुंद करणारा असा होता, ही या शब्दाची आणखी एक मौज, पण तिच्या मागे येथे जाता येणार नाही.) ॲरिस्टॉटलचा भेद मराठीत आणावयाचा झाल्यास 'झेलोस' म्हणजे हेवा आणि 'फ्थोनोस' म्हणजे मत्सर, असे ढोबळपणे म्हणता येईल.

आता ज्या गावाला हे पत्र लिहिले त्या गावाकडे पाहू. इ.स.पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मिअस याने जुने करिंथ उद्ध्वस्त केले. पुढे सुमारे एका शतकाने, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्यूलिअस सीझरच्या आज्ञेने तेथे रोमन वसाहत स्थापन झाली. वसाहतकऱ्यांत मुक्त झालेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. दोन समुद्रांवर दोन बंदरे, व्यापाराचा पैसा, आणि मिरविण्याजोगी जुनी घराणी फारशी नाहीत, अशा नगरात प्रतिष्ठा वारशाने मिळत नाही. ती मिळवावी लागते आणि मिळविलेली दाखवावी लागते. पौलाने इ.स. ५५ च्या सुमारास इफिसहून हे पत्र पाठविले, तेव्हा तेथील लहानशा ख्रिस्ती मंडळीतही हेच चालले होते. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. प्रभुभोजनाच्या वेळी खाऊनपिऊन तृप्त झालेले आणि उपाशी राहिलेले एकाच घरात दिसत. अन्य भाषांत बोलण्याचे दान ज्याला, तो स्वतःला वरचढ समजे. तिसऱ्या अध्यायात पौल या सर्व प्रकाराचे निदान दोन शब्दांत करतो : हेवा आणि कलह. तेथेही शब्द 'झेलोस' हाच आहे.

हे ध्यानात घेतले म्हणजे तेरावा अध्याय वेगळा दिसू लागतो. विवाहप्रसंगी वाचले जाणारे स्वतंत्र स्तोत्र म्हणून तो आज सर्वत्र परिचित आहे; पण तो भांडणाच्या मधोमध लिहिला गेलेला आहे. त्यातील नकार करिंथच्या दोषांची यादी आहेत. 'फुगणे' या अर्थाचे क्रियापद या एकाच पत्रात सहा वेळा येते. नव्या करारात अन्यत्र ते केवळ एकदा, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात आढळते. मूळ ग्रीकमध्ये प्रीतीचे सर्व वर्णन क्रियापदांनी केलेले आहे, हेही येथे नमूद करावे. मराठीत 'सहनशील', 'दयाळू' अशी विशेषणे आली की ती एक स्वभावचित्र वाटते. मुळात ती वागणुकीची नोंद आहे.

हेव्याच्या नकाराचा अर्थ कळण्यासाठी त्याच्या लगतच मागे असलेल्या शरीराच्या रूपकाकडे जाणे अगत्याचे आहे. बाराव्या अध्यायात पौल दोन अवयवांना बोलावयास लावतो. पाय म्हणतो, मी हात नाही, म्हणून मी शरीराचा नाही. पुढे डोळा हाताला सांगू पाहतो की मला तुझी गरज नाही. या दोन उद्गारांकडे एकच दोष म्हणून पाहण्याची चूक अनेक विवरणांत होते. पायाचे बोलणे हेव्याचे आहे. डोळ्याचे बोलणे गर्वाचे. पायाला वाटते की हात नसल्यामुळे आपण कोणीच नाही. डोळ्याला वाटते की आपण डोळा असल्यामुळे बाकी कोणी नसले तरी चालेल. तेराव्या अध्यायातील पहिला नकार पायासाठी आहे आणि त्यानंतरचे दोन, बढाई आणि फुगणे यांचे, डोळ्यासाठी. पौलाने हेव्याला अग्रस्थान दिले ते यासाठी, असे मला वाटते : करिंथमधील अनेकांना आपण गर्विष्ठ आहोत हे ठाऊक असण्याचा संभव होता, परंतु आपली आध्यात्मिक उत्कंठा हीच हेवा झाली आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. श्रेष्ठ दानांची ओढ चांगलीच. मात्र दान शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपण उणे झालो असे वाटू लागले की त्याच ओढीचे नाव बदलते. शब्द एकच ठेवून पौल हे दाखवितो.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. शरीराचे रूपक निरागस नाही. लिव्हीने सांगितलेल्या कथेत मेनेनिअस अग्रिप्पा रोममधील रुसून बाहेर पडलेल्या सामान्यजनांना हेच रूपक ऐकवितो, आणि तेथे त्याचा हेतू त्यांनी मुकाट्याने परत यावे हा असतो. आपल्याकडे पुरुषसूक्तातील मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांचा वापर कशासाठी झाला हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या समाजाला शतकानुशतके 'पाय' म्हणून वागविले गेले त्याला 'हाताचा हेवा करू नकोस' असे सांगणे हा उपदेश नसून व्यवस्थेचे रक्षण आहे, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? अहमदनगर परिसरातील मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वास्पृश्य जातींतून आलेला आहे. त्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नव्हे. १८८७ मध्ये नीत्शेने ख्रिस्ती नीतीचे मूळच दुर्बळांच्या धुमसत्या द्वेषात शोधले होते. त्याचा रोख वेगळा, तरी हेवा हा वंचितांचा दोष आहे हे गृहीतक त्यातही आहे.

पौलाच्या मजकुरात या आक्षेपाला काही उत्तर मिळते. मेनेनिअस पोटाला सर्वांचे अन्नदाते ठरवून थांबतो. पौल रूपकाची दिशा उलटी करतो : शरीराची रचना अशी, की ज्या अवयवाला मान उणा, त्याला अधिक मान द्यावा, आणि हे का, तर फूट पडू नये म्हणून. म्हणजे हेवा नाहीसा करण्याची जबाबदारी एकट्या पायावर टाकलेली नाही. प्रभुभोजनाच्या वेळी उपाशी राहणाऱ्याला पौल कोठेही सांगत नाही की तृप्त झालेल्याचा हेवा करू नकोस. तेथे तो तृप्त झालेल्यालाच खडसावतो. न्यायाची मागणी आणि हेवा यांत त्याने गल्लत केलेली नाही. ती नंतरच्यांनी केली. मात्र याच पत्राच्या सातव्या अध्यायात गुलामांना उद्देशून लिहिलेला मजकूर इतका निःसंदिग्ध नाही, आणि तेथे माझे समाधान होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

न्याय आणि हेवा यांतील भेद मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात अधिक स्पष्ट आहे. पहाटे कामाला लागलेल्यांना ठरलेला एक दिनार मिळाला. बाजारात दिवसभर कामाची वाट पाहत उभे राहिलेल्यांना, एकच तास राबूनही, तेवढाच मिळाला. पहिल्यांची तक्रार आपल्याला कमी मिळाले ही नाही. त्यांना आपल्याबरोबरीने लेखले गेले ही आहे. मालकाच्या उत्तरात मूळ ग्रीकमध्ये 'वाईट डोळा' असा शब्दप्रयोग येतो. लॅटिनमधील हेव्याचा वाचक शब्दही वाकड्या नजरेने पाहण्यावरून आलेला आहे, आणि मराठीत दुसऱ्याचे बरे झालेले आपल्या 'डोळ्यांत खुपते'. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभे राहून संध्याकाळपर्यंत कोणीच न बोलावलेल्या माणसाच्या बाजूने हा दाखला वाचला, तर त्यातील हेवा कोणाचा आहे हे चटकन उमगते. तो वंचिताचा नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे. हिब्रू 'किनआ' या शब्दाची छटाही 'झेलोस'सारखीच दुहेरी आहे, आणि ग्रीक भाषांतरात त्याच्यासाठी बहुधा हाच शब्द योजिलेला आहे. निर्गमातील ईर्ष्यावान देव ज्याविषयी ईर्ष्या धरतो ते दुसऱ्याचे नाही. करार करून आपले म्हटलेले आहे. जे आपले आहे ते दुरावू नये ही तळमळ एक, आणि जे दुसऱ्याचे आहे ते त्याच्याकडे असू नये ही जळफळ दुसरी. मराठीत दोन्हींना 'मत्सर' म्हणता येत असल्यामुळे घोटाळा होतो. गीतरत्नाच्या आठव्या अध्यायात प्रीती आणि ही तळमळ एकमेकींच्या शेजारी ठेविल्या आहेत, मृत्यू आणि अधोलोक यांच्या उपमांनी. तेराव्या शतकात तोमास अक्विनासने हे निराळे केले : परोत्कर्षाचे दुःख तो प्रीतीच्या विरोधी पापांत घालतो, आणि 'झेलुस' म्हणजे प्रिय वस्तूच्या आड येणाऱ्याविरुद्ध उसळणारी तळमळ तो प्रीतीचाच परिणाम मानतो. असे असले तरी मानवी संबंधांत पहिली तळमळ दुसरीत केव्हा उतरेल याचा नेम नसतो. देवलांच्या 'झुंझारराव'चा प्रेक्षक हे जाणतो.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाची एक चौकट आधीपासून तयार असते, ती षड्रिपूंची. कामापासून आरंभ होऊन मत्सरापाशी संपणाऱ्या त्या मालिकेत मत्सराचे मूळ कामात असते. काम निमाला की मत्सरालाही आधार उरत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात 'विमत्सर' हे विशेषण यदृच्छेने मिळेल त्यात संतुष्ट असणाऱ्या, द्वंद्वातीत पुरुषाला लावलेले आहे. या चौकटीतून पाहिले म्हणजे पौलाची हेवारहित प्रीती ही एक प्रकारची विरक्ती वाटू लागते. मी स्वतः अनेक वर्षे ती तशीच शिकविली. परंतु ज्या अध्यायाच्या दोन्ही बाजूंना उत्कंठेची आज्ञा आहे त्याचा अर्थ इच्छेचा लोप असा होऊ शकत नाही. पौलाला अभिप्रेत असलेली प्रीती इच्छा करते, आणि तीव्रतेने करते; तिला फक्त दुसऱ्याच्या रिकाम्या हाताची गरज नसते. आपल्या परंपरेत याला जवळची कल्पना शोधावयाची तर ती योगसूत्रांतील 'मुदिता' होय : पुण्यवंताविषयी वाटणारा आनंद. मात्र तेथे मुदिता हे चित्तप्रसादनाचे साधन आहे, आनंद मानणाऱ्याच्या मनाची निर्मळता हे तिचे प्रयोजन. पौलाच्या शरीरात एका अवयवाचा गौरव झाला म्हणजे सर्व आनंदतात ते साधना म्हणून नव्हे. गौरव त्यांचाही झालेला असतो म्हणून. श्रेष्ठकनिष्ठतेचा प्रश्न येथे नाही. दोन भिन्न पाया असलेल्या गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, इतकेच.

करिंथकरांवर या पत्राचा कितपत परिणाम झाला? पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथला पाठविलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र उपलब्ध आहे. तेथे पुन्हा फूट पडली होती आणि वडील मंडळींना पदच्युत करण्यात आले होते. क्लेमेंट काइन व हाबेल यांच्यापासून योसेफ आणि मोशेपर्यंत हेव्याने काय काय केले हे सांगत येतो आणि पेत्र व पौल यांचा अंतही हेव्यामुळेच झाला असे म्हणतो. पुढे त्याच पत्रात प्रीतीची स्तुतीही येते, पौलाच्या वळणाची. चाळीस वर्षांनंतर त्याच गावाला तेच औषध.

विद्वानांच्या आणि कवींच्या जगाला हा रोग अपरिचित नाही. जाणकार मत्सराने ग्रासलेले असल्यामुळे सुभाषित अंगातच जिरून गेले, ही भर्तृहरीची तक्रार कोणत्याही विद्यापीठीय विभागात आजही टाळीचे वाक्य ठरेल. म्हणून मराठी काव्येतिहासातील एका प्रसंगाचा उल्लेख येथे करावासा वाटतो. १९०७ साली जळगाव येथे कविसंमेलन भरले, तेव्हा रेव्हरंड नारायण वामन टिळक पंचेचाळिशीत होते आणि 'फुलांमुलांचे कवी' म्हणून त्यांची कीर्ती झालेली होती. त्या संमेलनात सतरा वर्षांच्या आसपासच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. हा मुलगा टिळकांच्याच क्षेत्रात, फुलांच्या आणि निसर्गाच्या कवितेत, त्यांच्यापुढे जाणार होता. आजच्या वाचकाच्या दृष्टीने तो गेलाही. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेले. तेथील त्याचे दिवस लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रां'त मायेने रंगविले आहेत. टिळकांच्या घरी राहूनही ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत. टिळकांचे औदार्य त्यांच्या धर्मांतराचे फळ होते असे येथे सुचवावयाचे नाही. ते स्वभावतःच उधळे होते, आणि त्याचा जाच लक्ष्मीबाईंनी पुरेपूर सोसला. पण स्वतःच्या क्षेत्रातील अधिक मोठे दान दुसऱ्याच्या ठायी ओळखणे, आणि ओळखून त्याला घरात जेवू घालणे, ही वागणूक पौलाच्या क्रियापदांच्या यादीत बसणारी आहे.

त्याच पत्रात, आपण लावले आणि अपुल्लोसाने पाणी घातले, अशा आशयाची बागाईत उपमा वापरून पौल त्या दोन गटांचे भांडण मिटवू पाहतो. टिळकांचे १९१९ साली निधन झाले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' आरंभीच्या काही अध्यायांपुढे गेलेले नव्हते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शाळेत न गेलेल्या या स्त्रीने नवऱ्याच्या हातून राहिलेल्या महाकाव्याचा फार मोठा भाग लिहिला. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि उरलेला शेवट देवदत्त टिळकांनी केला.